गुरांच्या फितीनं मोजलेले टायर

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात शब्द फार थोड्या लोकांना दिला, पण दिला तो कधी मोडला नाही. आणि या एका खोडीपायीच त्यांचं खेचर हातचं जायची वेळ आली.

खेचर म्हणजे जनावर नव्हे. बाई गुरांच्या डॉक्टर. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची गुरं बरी केली, पण स्वतःच्या घरी साधं मांजरही पाळलं नाही. खेचर म्हणजे त्यांची जीप. वय म्हणाल तर बाईंपेक्षा चारपाच वर्षांनी लहान. वर कापडी छत, बाजूला दारं नाहीत, आणि गिअरशेजारी एक छोटा दांडा. तो ओढला की मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन्हींनाही जोर मिळायचा. हॉर्न दाबला तर खोकल्यासारखा आवाज यायचा. पशुसंवर्धन खात्यानं ती भंगारात काढली तेव्हा बाईंनी लिलावात उचलली आणि पुढं पस्तीस वर्षं डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत हाकली. कुणाची गाय अडली, कुणाच्या मेंढ्या फुगल्या, की वरून निरोप यायचा आणि अर्ध्या तासात खालून खेचराची घरघर ऐकू यायची. वरचे लोक म्हणायचे, बाई पोचतील तेव्हा पोचतील, पण आवाज आला की गाय निम्मी बरी होते.

डोंगराच्या पहिल्या पठारावर एक हॉटेल होतं; कुरणं आणि गोठे त्याहून वर. त्याचा मालक, सगळे त्याला हॉटेलवालाच म्हणायचे, दहा वर्षं या जीपवर डोळा ठेवून होता. दाराशी चौथरा बांधायचा, त्यावर जीप चढवायची, भोवती फुलझाडं लावायची आणि पाहुण्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढायचे, असा त्याचा बेत. माणूस वाईट नव्हता, पण चिकट. दरवर्षी न चुकता विचारायचा. शेवटी बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "खाणीची चढण ज्या दिवशी माझ्या हातून होणार नाही, त्या दिवशी खुशाल घेऊन जा."

खाणीची चढण म्हणजे गावातून त्या पठारावर नाकासमोर जाणारा जुना रस्ता. डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून बारा किलोमीटर फिरून हॉटेलापाशी संपतो, ही चढण जेमतेम तीन. पण खाली दगड, वर चिकण माती, तीन वळणं आणि एका अंगाला पाण्याचा चर. नव्या गाड्यांचे मालक खाली उभे राहून तिच्याकडे बघायचे आणि मुकाट्यानं डांबरी रस्ता धरायचे. बाई ती आठवड्यातून तीनदा चढायच्या. त्यामुळं हॉटेलवाल्यानं ते बोलणं हसण्यावारी नेलं. त्याला वाटलं, बाई नाहीच म्हणाल्या.

मग बाईंचा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. अडीच महिने घरी बसावं लागलं आणि त्यातच सत्तरावा वाढदिवस आला. बाईंना एकुलता एक मुलगा, शाळेत गणित शिकवणारा, आईवर जीव ओवाळून टाकणारा. आईला काय द्यावं म्हणून त्यानं आणि सुनेनं महिनाभर डोकं खाजवलं आणि बाई खांदा शेकत बसलेल्या असताना गुपचूप खेचराला चार नवे टायर बसवून आणले. साधेसुधे नव्हेत. बाजूला पांढरी अक्षरं, आणि रुंदी इतकी की चाकं जीपच्या अंगाबाहेर चार बोटं डोकावत होती. सुनेनं आरशाला लाल रिबीन बांधली होती. पाहताक्षणी बाईंना वाटलं, खेचराला हत्तीचे पाय लावलेत. पण एवढ्या मायेनं आणलेल्या वस्तूला नाक कोण मुरडणार? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, छान आहेत म्हणाल्या, आणि विषय संपला.

संपला कसला, सुरू झाला. खांदा बरा झाल्यावर बाई जीपमध्ये बसल्या तर स्टिअरिंग हलेना. दोन्ही हात लावले, दात आवळले, तेव्हा कुठं चाक तिरकं झालं. वळताना कुठंतरी काहीतरी घासायचं, चढावर इंजिनला दम लागायचा. मुलानं एकदा चालवून पाहिली. तो बिचारा नव्या गाडीचं एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग वापरणारा. गावाला एक चक्कर मारून घामाघूम होऊन उतरला आणि म्हणाला, आई, हे धूड तू इतकी वर्षं कसं ओढलंस, कमाल आहे तुझी. आता यात त्याचा काय दोष? बाईंनी आजवर खेचराला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. आधी कसं चालायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि बाईंना वाटलं, खांदा गेला. खांदा काय, वय झालं. चार महिने त्यांनी तेल चोळलं, रबराची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून रोज सकाळी ओढली, गोळ्या गिळल्या. स्टिअरिंग होतं तिथंच.

आणि एक दिवस खाणीच्या चढणीवर, दुसऱ्या वळणाला, स्टिअरिंग वेळेत फिरलं नाही. खेचर आडवं सरकत चरात जाऊन बसलं. बरोबर दूध डेअरीच्या शेडसमोर. कॅन घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी सगळं पाहिलं, धावत आले, ट्रॅक्टर लावून जीप ओढून काढली, आणि कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. तेच बाईंना जास्त लागलं. कुणी हसलं असतं तर त्यांनी चार शिव्या तरी घातल्या असत्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वतः हॉटेलवाल्याला फोन केला. चौथरा बांधायला घे, म्हणाल्या.

मुलानं समजूत घातली, सुनेनं घातली. जीप जाण्याचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. नवा तरुण डॉक्टर आला होता, हुशार होता, पण त्याची गाडी वर जात नव्हती. जनावर रस्त्यापर्यंत आणा, असं तो सांगायचा. उभं राहता न येणारी गाय रस्त्यापर्यंत कशी आणणार, देव जाणे. खेचर गेलं की वरच्या गोठ्यांना डॉक्टर नाही, आणि बाईंना वर जाणं नाही. मग उरलं काय? खिडकीत बसायचं आणि रबराची पट्टी ओढायची.

तीन आठवड्यांत चौथरा तयार झाला. रविवारी जीप न्यायची ठरली. हॉटेलवाल्याची एकच अट होती. ते जाडे टायर नकोत, गाडी जुनी दिसली पाहिजे. अरुंद, उंच टायर कसलेही चालतील, झिजलेले, फाटलेले, नुसते दिसायला हवेत. म्हणून गुरुवारी सकाळी शाळेत जाता जाता मुलानं जीप टायरवाल्या तात्यांच्या दुकानात आणून लावली, आईला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि घंटा व्हायच्या आत शाळेत पळाला.

तात्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढं अंगण, अंगणात पंक्चर शोधायला पाण्यानं भरलेलं पत्र्याचं टीप, आणि भिंतीला छतापर्यंत रचलेले टायर. तात्यांचं वय बाईंएवढंच, तोंड मात्र अखंड चालू. त्यांनी जाडे टायर उतरवून भिंतीला टेकवले आणि माळ्यावरून चार जुने अरुंद टायर खाली टाकले. नक्षी कशी खोल आहे बघा, म्हणाले, एखाद्या ट्रॉलीला लावलेले असणार, फार चाललेले नाहीत.

बाईंनी चष्मा चढवला आणि वाकून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर बावीस वर्षांचे होते. बोटानं दाबल्यावर रबरावर बारीक भेगा उमटल्या. दात शाबूत आहेत पण कातडी वाळलीय, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. तात्यांनी मग नवे टायर काढले, त्यांच्यावर नुसत्या सरळ रेघा होत्या. हे डांबरावर पळायचे, मातीत घसरगुंडी, बाई म्हणाल्या. तात्यांनी चहाचा घोट घेतला आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं की बाई, खेचर चौथऱ्यावर उभं राहणार ना, मग मातीचं काय घेऊन बसलात?

"तात्या, मेलेल्या गाईचं पोटसुद्धा मी टाके न घालता कधी सोडलं नाही," बाई म्हणाल्या. "जाईल ते आपल्या पायांनी नीट जाईल."

मग तात्यांना आठवलं. वनखात्याच्या जुन्या गाडीसाठी त्यांनी गेल्या वर्षी अरुंद, उंच, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर मागवले होते, पण गाडीच मोडीत निघाली. माळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी पाच टायर काढले. बाईंनी आकडे वाचले, रबर दाबलं, ठोकळ्यांमधल्या फटीत करंगळी घातली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण मनात म्हणाल्या, हे खरे पाय.

आणि मग त्यांनी पिशवीतून फीत काढली. ही फीत गुरांचं वजन काढायची. गाईच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती गुंडाळायची. फितीच्या एका अंगाला सेंटिमीटर असतात, दुसऱ्या अंगाला किलो. घेर एवढा तर वजन एवढं, काटा लागत नाही. बाई टायर याच फितीनं मोजायच्या, पस्तीस वर्षं. तात्यांनी हे आधी पाहिलं होतं, तरी प्रत्येक वेळी त्यांना हसू यायचं.

"साडेआठशे किलो," बाई पहिल्या टायरला म्हणाल्या. दुसरा साडेआठशे, तिसरा साडेआठशे, चौथाही. पाचवा नऊशेच्या पुढं गेला.

तात्यांनी शपथ घेतली की पाचही टायरवर नंबर एकच आहे. होता एकच. पण पाचवा दुसऱ्या कंपनीचा होता आणि घेरात चार सेंटिमीटर जास्त. बाईंनी समजावलं, आणि तात्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. छोटा दांडा ओढला की चारही चाकं एकमेकांशी बांधली जातात. एकाचा घेर मोठा, दुसऱ्याचा लहान, तर एका फेऱ्यात एक जास्त चालणार, दुसरा कमी. मग दोघं आपसांत भांडतात आणि मधला गिअरचा डबा अडकतो. लहानमोठे बैल एका जुवाखाली जुंपले तर नांगर कुठं जाईल? चार सारखे चाकांना लावले आणि पाचवा मागं टांगायला घेतला. तोही अडल्या वेळी, छोटा दांडा न ओढता, नुसत्या मागच्या दोन चाकांच्या जोरावर हळूहळू घरी येण्यापुरता, असं बाईंनी त्यावर खडूनं लिहूनच ठेवलं. तात्यांनी नव्या ट्यूब घातल्या, चाकं बसवली, बोल्ट आवळले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला जागा हवी म्हणून बाईंना जीप जरा पुढं घ्यायला सांगितली.

बाई चढल्या. इंजिन खोकलं, सुरू झालं. चार महिन्यांच्या सवयीनं त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, दात आवळले आणि सगळा जीव एकवटून डावीकडं ओढलं.

खेचर गर्रकन वळलं आणि पाण्याच्या टिपावर जाऊन आदळलं. टीप आडवं झालं, अंगणभर पाणी, तात्या दोन पायांवर उड्या मारत ओरडायला लागले की बाई, हे काय, माझ्या जिवावर उठलात का. बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या स्टिअरिंगकडं बघत होत्या. मग त्यांनी ते एका हातानं उजवीकडं फिरवलं. फिरलं. डावीकडं फिरवलं. फिरलं. कुठं काही घासलं नाही. आखडलेल्या खांद्याचा हात लावून पाहिला, तरी फिरलं. त्यांनी अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी, आणि पाचव्या फेरीला तात्या स्टुलावर बसून नुसते बघत राहिले.

बाई उतरल्या, भिंतीला टेकवलेल्या जाड्या टायरजवळ गेल्या आणि त्याच्याभोवती फीत गुंडाळली. फीत पुरली नाही. वीतभर कमी पडली. असं जनावर या जगात नव्हतं. एवढं रुंद, एवढं उंच रबर जुन्या साध्या स्टिअरिंगला जोडलं तर ते जमिनीला धरून बसणार, घासणार, इंजिनला दमवणार, आणि चिकण मातीत खाली न रुतता वरच्या वर तरंगत सरकणार. हे त्या दुसऱ्या कुणाच्याही गाडीबद्दल झोपेत सांगू शकल्या असत्या. चाळीस वर्षं लक्षण कुठलं आणि रोग कुठला हे लोकांना शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या बाबतीत रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! चार महिने तेल कुणाला चोळलं, तर धडधाकट खांद्याला. बाई आडव्या टिपावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं, आणि तात्यांनी आपला मळका पंचा पुढं केला.

पण पोराला सांगायचं कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. त्यानं एवढ्या हौसेनं आणलेले टायर. शिवाय खात्री कुठं होती? अंगण सपाट होतं, खाणीची चढण सपाट नव्हती. शब्द चढणीचा होता, अंगणाचा नव्हता. बाईंनी तात्यांना बजावलं की रविवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. तात्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून हेही बजावलं की बोललात तर तुमच्या गाईला मी पुन्हा हात लावणार नाही. तात्यांनी ते तीन दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

शनिवारी पाऊस पडला. चढण चिकट झाली असणार हे बाईंना अंथरुणात कळलं. झोप काही धड लागली नाही.

रविवारी सकाळी हॉटेलवाला आपली गाडी घेऊन आला. अरुंद टायर पाहून खूश झाला, दोनदा भोवती फिरला. बाई म्हणाल्या की मी स्वतःच नेऊन पोचवते, तू माझ्या शेजारी बस, तुझी गाडी माझा मुलगा डांबरी रस्त्यानं आणेल. मुलाला वाटलं, शेवटची चक्कर आहे, आईच्या मनासारखं होऊ दे. जपून जा, म्हणाला, सावकाश ये. आई डांबरीनंच येईल, असं तो धरूनच चालला होता. तो आणि सून पुढं निघाले.

बाईंनी फाट्यावर जीप खाणीकडं वळवली तेव्हा हॉटेलवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाई, तुमचा खांदा, तो म्हणाला. बाई, रात्री पाऊस झालाय. बाईंनी चढणीच्या पायथ्याशी जीप थांबवली, उतरल्या आणि चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. हॉटेलवाल्याला वाटलं, पंक्चर. हवा जरा कमी असली की टायर दगडाला धरून चालतो, पण हे त्याला सांगत बसायला बाईंना वेळ नव्हता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना या रस्त्याची भीती वाटली, आणि भीती वाटते याचा राग आला.

त्यांनी छोटा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि निघाल्या.

पहिलं वळण सहज गेलं. त्यापुढं माती सुरू झाली. जीप क्षणभर डुलली. मग बाईंना सीटखालून कळलं. अरुंद टायर मातीवर तरंगला नाही, मातीत शिरला, तिला कापत खाली गेला आणि खालचा दगड त्यानं पकडला. धक्का ओळखीचा होता. बाईंनी आवळलेले दात सोडले.

दुसऱ्या वळणाला डेअरीच्या शेडमध्ये नेहमीचे लोक होते. घरघर ऐकून त्यांनी कॅन खाली ठेवले. चर डाव्या अंगाला, महिन्यापूर्वीची घसटल्याची खूण अजून ताजी. वळायच्या जागी बाईंनी घाई केली नाही. चिखलात घाई करील तो बसेल. स्टिअरिंग बोटांवर फिरवलं, पुढची चाकं वळली, मागची त्यांच्यामागून आली, आणि चर बाजूला तसाच राहिला. कुणीतरी शीळ घातली. कुणी टोपी काढून हवेत फिरवली. एकजण जीपबरोबर दहा पावलं पळत आला आणि मग चिखलात बसला. बाईंनी वळून पाहिलं नाही, पण हॉर्न दाबला, आणि खेचर खोकलं.

तिसरं वळण सगळ्यांत उभं. हॉटेलवाल्यानं समोरची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले होते. इंजिनचा आवाज खोल गेला, चाकांनी एकदा माती मागं उडवली, बाईंनी पाय जरासुद्धा हलवला नाही. मग समोरचं आभाळ खाली आलं, बॉनेट सरळ झालं, आणि हॉटेलचं फाटक दिसलं.

फाटकाच्या आत नवाकोरा चौथरा. चढवायला फळ्या लावून ठेवलेल्या, भोवती फुलांच्या कुंड्या. बाईंनी जीप फळ्यांकडं नेली नाही. चौथऱ्याभोवती एका दमात, रिव्हर्स न घेता, कुंड्यांच्या कडेकडेनं गोल फेरी मारली आणि हॉटेलवाल्याच्या पायरीशी आणून उभी केली.

"आपला शब्द काय ठरला होता?" बाईंनी विचारलं.

हॉटेलवाल्यानं डोळे उघडले. चौथऱ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. माणूस चिकट असला तरी प्रामाणिक होता. चढण तुमच्या हातून झाली, तो म्हणाला, मला चहा प्यायला हवा. मग त्यानं दोन कप मागवले आणि दोघं चौथऱ्याच्या कडेवर बसले.

मुलगा आणि सून दहा मिनिटांनी पोचले. आई आधी कशी आली, हे मुलाला कळेना. मग त्यानं चाकांवरची माती पाहिली. अशी माती एकाच रस्त्यावर आहे. तो खाली बसला, टायरला हात लावला, वर आईकडं बघितलं. बाईंनी खिशातली फीत त्याच्या हातात दिली. जाड्याभोवती पुरत नाही, एवढंच म्हणाल्या. आयुष्यभर पोरांना वर्तुळाचा परीघ शिकवणारा माणूस, त्याला आणखी काय सांगायचं?

"म्हणजे मी आणलेले टायर," तो म्हणाला. "आई, मी तुला म्हातारी ठरवून मोकळा झालो."

बाईंनी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण रोगाचं निदान लपवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"टायर तुझे होते, निदान माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर मी आहे. आणि म्हातारी तू नाही ठरवलंस, मीच ठरवलं होतं. तुला कधी हात लावू दिला असता तर तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ऊठ, चालव."

सुनेनं त्याला ढकललं. तो जीपमध्ये चढला, घामाच्या आठवणीनं त्यानं बाह्या सरसावल्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं, आणि खेचर थेट कुंड्यांत घुसलं. दोन कुंड्या गेल्या. हॉटेलवाल्यानं कपाळावर हात मारला, सून पोट धरून हसायला लागली, आणि मुलगा स्टिअरिंगला चिकटून हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाच माहीत. बाई मात्र तोंडभर हसत होत्या. गेल्या सहा महिन्यांत घरात कुणी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग चौथऱ्याचं काय, असा हॉटेलवाल्यानं रडवेला प्रश्न केला. बाई म्हणाल्या, चार जाडे टायर आहेत तात्यांच्या भिंतीला, पांढऱ्या अक्षरांचे, दिसायला एक नंबर. चौथऱ्यावर मांड, आत माती भर, फुलं लाव. फुलांना स्टिअरिंग लागत नाही. हॉटेलवाल्यानं विचार केला आणि त्याला ते पटलं. मुलानं आनंदानं देऊन टाकले.

तेवढ्यात वरच्या कुरणाकडून एक गुराखी धापा टाकत उतरला. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही, सरळ बाईंसमोर येऊन उभा राहिला. आवाज ऐकला, म्हणाला. गाईची कास तीन दिवसांपासून सुजलीय, नवे डॉक्टर रस्त्यापर्यंत आणा म्हणतात, ती तर उठतच नाही. आवाज ऐकला आणि पळत आलो.

औषधांची पेटी सीटखालीच होती. घरून निघताना सगळं सामान उतरवलं, पण पेटी काढायला बाईंचा हात झाला नव्हता. त्यांनी मुलाच्या खांद्यावर थाप मारली.

"ऊठ आता," त्या म्हणाल्या. "मला वर जायचंय."